समुद्रात सोडलेल्या उपकरणाला स्वतःची खोली कशी कळते?

किनारवासी:
नमस्कार. आर्गो प्रकल्पाविषयी वाचताना एका मुद्द्यावर अडलो आहे. जगभरच्या समुद्रांत सुमारे ४००० स्वयंचलित फ्लोट सोडलेले आहेत. त्यांतील प्रत्येक फ्लोट साधारण १००० मीटर खोलीवर प्रवाहाबरोबर वाहत राहतो, दर दहा दिवसांनी २००० मीटरपर्यंत उतरतो, वर येताना तापमान व क्षारता नोंदवतो आणि पृष्ठभागावर आल्यावर ती माहिती उपग्रहामार्फत पाठवतो, इथपर्यंत समजले. परंतु त्याला ना दोर बांधलेला असतो ना तार, आणि पाण्याखाली जीपीएसही पोहोचत नाही. वावांनी खोली मोजणाऱ्या नाखव्याच्या हातात निदान दोरी तरी असे. मग हा फ्लोट ‘मी आता १००० मीटरवर आहे’ हे कशावरून ठरवतो, आणि त्याचे हे ठरवणे चुकले तर ते कोणाच्या लक्षात येते?

दर्यादिली:
दाबावरून. फ्लोटवर दाबमापक असतो. समुद्रात एक मीटर खाली गेल्यावर दाब जवळजवळ एक डेसिबारने (डेसिबार हे दाबाचे एकक) वाढतो, त्यामुळे डेसिबारचा आकडा आणि मीटरचा आकडा ढोबळमानाने सारखाच येतो. उतरण्या-चढण्यासाठी फ्लोटला पंखा नसतो. आतले तेल बाहेरच्या पिशवीत ढकलले की वजन तेवढेच राहून आकारमान वाढते व तो वर येतो, तेल आत ओढून घेतले की तो खाली जातो.

खारे_पाणी:
वरील उत्तर बरोबर आहे, मात्र त्यातील ‘जवळजवळ’ या शब्दामागे बरेच काही दडलेले आहे. खाली गेल्यावर पाणी किंचित दाबले जाऊन दाट होते आणि गुरुत्वाकर्षणही अक्षांशानुसार थोडे बदलते, म्हणून २००० डेसिबार दाब म्हणजे २००० मीटर खोली नसून ती १९८० मीटरच्या आसपास भरते. दहा हजार डेसिबारला हा फरक जवळपास ३०० मीटरवर जातो. त्यामुळे समुद्रशास्त्रज्ञ आपल्या नोंदी दाबातच ठेवतात आणि मीटरमध्ये रूपांतर गरजेपुरतेच करतात. ‘१००० मीटरवर तरंगणारा फ्लोट’ हे वाचकांच्या सोयीसाठी म्हटले जाते. फ्लोटला दिलेली आज्ञा १००० डेसिबारची असते.

इलेक्ट्रॉनिक दाबमापक येण्यापूर्वी हेच काम पाऱ्याच्या तापमापकांच्या जोडीने होत असे आणि ती युक्ती मला आजही विलक्षण वाटते. जहाजावरून तारेला नॅन्सेन बाटल्या ठरावीक अंतरांवर अडकवून खाली सोडत, आणि मग त्याच तारेवरून एक लहानसे वजन घसरत पाठवत. ते वजन आदळले की बाटली उलटी होऊन तिथले पाणी आत बंद होई, आणि तिच्याबरोबर उलटणाऱ्या तापमापकातील पाऱ्याचा धागा एका अरुंद जागी तुटून त्या क्षणाचे तापमान तसेच राही. प्रत्येक बाटलीवरच्या जोडीतील एक तापमापक जाड काचेच्या नळीत दाबापासून सुरक्षित असे, तर दुसरा उघडा ठेवलेला असे. उघड्या तापमापकाला पाणी पिळून काढी, त्यामुळे तो दर १०० मीटर खोलीमागे साधारण एक अंश सेल्सिअस जास्त दाखवी. दोन्ही वाचनांतील फरकावरून खोली काढली जाई. सोडलेल्या तारेच्या लांबीवर विसंबणे शक्य नव्हते, कारण जहाज वाऱ्याने सरकते, तार तिरपी होते आणि हजार मीटर तार सोडूनही बाटली त्याहून बरीच वर असू शकते.

किनारवासी:
आभारी आहे. तापमापकांच्या जोडीची माहिती मला नवीन होती. परंतु माझ्या प्रश्नाचा उत्तरार्ध शिल्लक राहतो. जहाजावरचे उपकरण परत हाती येते, ते तपासता येते. फ्लोट मात्र एकदा सोडला की चार-पाच वर्षे बॅटरी संपेपर्यंत तो समुद्रातच राहतो आणि बहुधा परत मिळत नाही. त्याचा दाबमापकच बिघडला तर काय?

पाणघडी:
असे एकदा मोठ्या प्रमाणावर घडलेले आहे. फ्लोट पृष्ठभागावर आला की तेथील दाब नोंदवतो. वातावरणाचा दाब वजा केल्यावर तेथे शून्य यायला हवे. जेवढा फरक येईल तेवढी दुरुस्ती संपूर्ण नोंदीला लावता येते. दाबमापक दर दहा दिवसांनी अशा प्रकारे आपोआप तपासला जातो, ही या रचनेतील सर्वांत शहाणपणाची बाब आहे. २००९ मध्ये लक्षात आले की एका विशिष्ट बनावटीच्या दाबमापकांतील तेल अतिशय सूक्ष्म गळतीने कमी होत असून त्यांचे वाचन हळूहळू उणे बाजूला सरकत आहे. त्या काळात नवे फ्लोट सोडणे काही महिने थांबवावे लागले. त्याहून त्रासदायक गोष्ट अशी की काही जुन्या फ्लोटांतील नियंत्रक पृष्ठभागावरचे उणे वाचन शून्य म्हणून कळवत असत. म्हणजे ज्या वाचनावरून बिघाड ओळखायचा, तेच उपग्रहापर्यंत पोहोचत नव्हते. अशा नोंदी नंतर वेगळ्या काढून त्यांवर तशी खूण करण्यात आली.

दाब कमी दाखवणारा फ्लोट प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा वर असल्याचे सांगतो, त्यामुळे खालचे थंड पाणी वरच्या खोलीच्या नावे नोंदले जाते आणि समुद्र आहे त्याहून थंड भासतो. एका फ्लोटमध्ये हे क्षुल्लक वाटेल, परंतु साऱ्या समुद्राने किती उष्णता साठवली याचा हिशेब शतांश अंशांत चालतो, म्हणून अशी एकाच दिशेची चूक फार महागात पडते.

खारे_पाणी:
याच जातीची जुनी चूक एक्सबीटी या पाण्याचे तापमान मोजणाऱ्या उपकरणात होती. ते चालत्या जहाजावरून टाकतात. बारीक तांब्याची तार उलगडत ते सेकंदाला सुमारे साडेसहा मीटर वेगाने बुडते आणि तार संपली की तुटते. ते एकदाच वापरायचे, म्हणून स्वस्त ठेवण्यासाठी त्यात दाबमापक बसवलाच नाही. खोली काढायची ती पाण्यात पडल्यापासून गेलेल्या वेळेवरून. पुढे जहाजावरच्या सीटीडीशी (क्षारता, तापमान व दाब एकत्र मोजणाऱ्या उपकरणाशी) तुलना केल्यावर दिसले की उपकरण सूत्रापेक्षा वेगाने बुडते, आणि १९९० च्या दशकात जुन्या सूत्राने आलेली खोली १.०३३६ ने गुणावी, अशी दुरुस्ती सुचवली गेली. तेवढ्याने प्रश्न पुरता मिटला नाही, कारण बुडण्याचा वेग पाण्याच्या तापमानानुसार आणि उत्पादनाच्या वर्षानुसारही बदलतो.

प्रतिध्वनीने तळ मोजण्याची कथाही वेगळी नाही. ध्वनीचा वेग सेकंदाला १५०० मीटर धरला जात असला तरी अरबी समुद्राच्या उबदार वरच्या थरात तो १५४० च्या घरात जातो. बहुकिरणी सोनारमध्ये (एकाच वेळी अनेक ध्वनिकिरण पंख्यासारखे सोडणाऱ्या यंत्रात) वेगाची आकडेवारी चुकीची दिली तर कडेचे किरण भलतीकडे वळतात आणि सपाट तळ पडद्यावर दोन्ही कडांना उचललेला किंवा झुकलेला दिसतो. म्हणून सर्वेक्षणाच्या वेळी आधी पाण्यात उपकरण सोडून प्रत्येक थरातील ध्वनीचा वेग काढावा लागतो.

पाणघडी:
किनारवासी, आपल्याला स्वतः आकडे पाहायचे असल्यास आर्गोची माहिती सर्वांना विनामूल्य खुली आहे. भारताच्या फ्लोटांचे काम हैदराबादची इन्कॉइस ही संस्था पाहते. प्रत्येक नोंदीत मूळ दाब आणि सुधारित दाब असे दोन रकाने असतात, शिवाय प्रत्येक वाचनाला दर्जाचा आकडा दिलेला असतो. १ म्हणजे चांगले, ४ म्हणजे टाकाऊ. पहिल्या चोवीस तासांत येणारी माहिती केवळ यंत्राने तपासलेली असते. तज्ज्ञांनी शेजारच्या फ्लोटांशी आणि जहाजांच्या सीटीडी नोंदींशी ताडून पाहिलेली आवृत्ती साधारण वर्षभराने येते. आपण दीर्घ काळातील बदल पाहणार असाल तर ही उशिराची आवृत्ती आणि तीतील सुधारित दाबाचा रकानाच वापरावा.