छतावर सोलर: जाहिरातीतलं शून्य आणि आमचं आठशेचं बिल

साताऱ्याचा_मास्तर

परवा सोलरवाला एक तरुण घरी आला. गच्ची बघितली, फोटो काढले आणि 3 किलोवॅटचं कोटेशन ठेवून गेला. 2 लाख 10 हजार. वर म्हणाला, "काका, 78 हजार सबसिडी परत, बिल कायमचं झिरो." पस्तीस वर्षं गणित शिकवलंय, त्यामुळे तो जिना उतरायच्या आत मी वही काढली होती.

घरात आम्ही दोघंच. महिन्याला 95 युनिट, कधी थोडी कमी. 2024-25 च्या बिलांवर पहिल्या शंभर युनिटांना वीज आकार 4.71 आणि वहन आकार 1.17, म्हणजे युनिटमागे 5.88. त्यात स्थिर आकार, आणि सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. बिल आठशेच्या आत-बाहेर. सोलर बसवलं तरी स्थिर आकार भरायचाच. म्हणजे वाचणार महिन्याला साडेसहाशे, वर्षाला 7,800. खिशातून जाणार 1 लाख 32 हजार. फिटायला सतरा वर्षं, आणि मी आज 68 चा. तीच रक्कम सात टक्क्यांनी ठेवली तर वर्षाला नऊ हजारांवर व्याज येतं आणि मुद्दल जागेवर राहतं.

वरून ही विचारते, "पॅनेल मांडल्यावर माझी वाळवणं कुठे घालू?"

माझं म्हणणं सरळ आहे. छोट्या घराला सोलर परवडत नाही, ते एसीवाल्यांचं काम. चुकत असेन तर वहीत कुठे चुकलो ते दाखवा.

औरंगपुऱ्याचा_बंड्या

सर, एसीवाला हजर आहे. आमची सरासरी 340 युनिट. शंभराच्या पुढची युनिटं 11.46 ला पडायची आणि तीनशेच्या पुढची 15.72 ला. बिल बेचाळीसशेच्या आसपास. 3 किलोवॅटला 2 लाख गेले, सबसिडी जाऊन 1 लाख 22 हजार. आता बहुतेक महिन्यांत दीड-दोनशे रुपये येतात. तीन वर्षांच्या आत वसूल.

सोलर बिलाला वरून कुरतडत येतं, आधी महाग स्लॅब खातं. तुमच्याकडे त्याला खायला फक्त स्वस्त स्लॅबच आहे. म्हणून तुमची वही तुमच्यापुरती बरोबर आहे, पण 'छोट्या घराला परवडत नाही' हा निष्कर्ष फार घाईचा. घर नका बघू, युनिटं बघा.

केबलगुंडाळ्या

मी हेच काम करतो, त्यामुळे माझं म्हणणं जरा तपासूनच घ्या.

मास्तर, वहीत बेरीज बरोबर, पण उदाहरणच चुकीचं दिलंय तुम्हाला. आपल्याकडे 1 किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिटं देतं, महिन्याची 110 ते 120. तुम्हाला लागतात 95. दोन माणसांच्या घरात पंगतीचं पातेलं कशाला चढवताय?

3 किलोवॅटच का खपवतात तेही ऐका. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30 हजार, तिसऱ्याला 18 हजार, आणि तिथे 78 हजारांवर सबसिडी थांबते. त्यामुळे '78 हजार' हा आकडा जाहिरातीत शोभतो. जास्तीची वीज ग्रीडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांत, गेली तर तिची युनिटं पुढच्या महिन्यात वळती होतात हे खरं, पण 31 मार्चला हिशेब मिटतो आणि उरलेल्या युनिटांचे किरकोळ दराने पैसे मिळतात. गंमत म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या स्वच्छ उन्हात साठवलेली युनिटं नेमकी कडक उन्हाळ्याच्या तोंडावर संपतात.

तुम्हाला 540 वॅटची दोन पॅनेल पुरतात. एकेक साधारण साडेसात फूट बाय पावणेचार फूट. 75 हजार धरा, 30 हजार परत. 45 हजारांवर वर्षाला 7,800 वाचले तर सहा वर्षांच्या आत फिटतं. तुमच्या सात टक्क्यांनी त्याच 45 हजारांवर 3,150 मिळतात.

साताऱ्याचा_मास्तर

हे पटलं. पण 1 किलोवॅट बसवणार कोण? काल दोघांना फोन केला. एक म्हणाला, "काका, एवढ्यात टेम्पोचं भाडंही सुटत नाही." दुसऱ्याने 'कळवतो' म्हणून फोन ठेवला. शंभर युनिटांच्या आतल्या लोकांसाठी राज्य सरकारचीही जादा मदत आहे असं ऐकतो. मदत सरकार देईल, पण दारात माणूस तर यायला हवा!

आणि ठेवीचं मुद्दल माझंच राहतं, पॅनेल काय मोडून बँकेत भरता येत नाही. हा फरक तुम्ही वहीत धरलेला नाही.

केबलगुंडाळ्या

मुद्दलाचं बरोबर आहे. पण सहा वर्षांत मुद्दल निघाल्यावर पुढचं सगळं वरकड. पॅनेलच्या वीजनिर्मितीची हमी 25 वर्षांची असते, दरवर्षी अर्धा टक्का वगैरे उतरतं. पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारा इन्व्हर्टर मात्र मध्ये एकदा बदलावा लागेल, तो खर्च धरा. आणि दरवाढ धरा, ती तुम्ही धरलेलीच नाही. माणूस यायचा तर गल्लीतली तीन-चार घरं एकत्र करा. टेम्पो एकच लागतो.

गुहागरची_सई

इथे सगळे रुपयेच मोजताय. आम्ही बसवलं ते लाइट जाते म्हणून. पहिल्याच पावसात लाइट गेली आणि घरात अंधार! वर ढगांतून बऱ्यापैकी उजेड, छतावर सहा पॅनेल, आणि खाली मी मेणबत्ती शोधतेय. बसवणाऱ्याला फोन केला तर म्हणे, "ताई, ऑनग्रीड असंच असतं." हे आधी सांगायला तोंड दुखत होतं का?

शिवाय आमच्याकडे पावसात महिनाभर ऊन म्हणजे पाहुणा. वानरं पॅनेलवर बसून फणस खातात. शेजाऱ्यांचं घर कौलारू, त्यांनी पॅनेल अंगणात लोखंडी सांगाड्यावर घेतली, तर आता दुपारी माडाची सावली पडते. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडकडे कौलं-पत्रे कसे उडवले ते बघितल्यावर छपरावर काही ठेवायची त्यांची छातीच होत नाही.

केबलगुंडाळ्या

ताई, ते सांगितलं नाही ही आमच्याच लोकांची चूक. ग्रीड गेलं की इन्व्हर्टर मुद्दाम बंद होतो. नाहीतर तुमच्या छतावरची वीज तारेत उतरेल आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल. अंधारात चालायला हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, तिथे खर्चाचं गणित पार बदलतं. फक्त दिवे-पंख्यासाठी साधा घरगुती इन्व्हर्टर स्वस्त पडेल, त्यात माझं दुकान चालणार नाही तरी सांगतो.

सातवा_मजला_ठाणे

तुमच्याकडे स्वतःचं छत आहे हो! आमच्या सोसायटीत दीड वर्ष फक्त सभा चालल्यात. लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे मिळून सामाईक मीटरचं बिल वरच्या स्लॅबमध्ये. सोसायटीला किलोवॅटमागे 18 हजारांची सबसिडी. सचिवांनी छान तक्ता केला होता. मग वरच्या मजल्यावरचे जोशीकाका उठले. "गच्ची गळते. आधी वॉटरप्रूफिंग की आधी पॅनेल?" झालं. तेवढ्यात कुणीतरी पुनर्विकासाचं नाव काढलं आणि सभा चहावर संपली.

खरं सांगायचं तर जोशीकाकांचा मुद्दा बिनतोड आहे. सांगाड्याचे पाय गच्चीत रोवल्यावर खालची गळती काढायची म्हणजे सगळं उतरवणं आलं. पण पुनर्विकासाचं भूत दाखवून काहीच न करणं मला पटत नाही. आमचा पुनर्विकास 2016 पासून 'पुढच्या वर्षी' आहे.

बे_एरियातला_पुणेकर

केबलगुंडाळ्या दरवाढ धरा म्हणाले, नियमबदलही धरा. कॅलिफोर्नियात आम्हालाही 'जेवढी दिली तेवढी परत' होतं. 15 एप्रिल 2023 पासून अर्ज करणाऱ्यांना ग्रीडला दिलेल्या विजेचा भाव फारच कमी मिळतो. बॅटरीशिवाय नव्या माणसाचा हिशेब जुळत नाही. दिलेली युनिटं बिलात वळती होणं, म्हणजेच नेट मीटरिंग, हा शेवटी एक नियम, आणि नियम काही 25 वर्षांच्या हमीसोबत येत नाही.

औरंगपुऱ्याचा_बंड्या

आणि आधी बसवलेल्यांचं काय झालं तिकडे?

बे_एरियातला_पुणेकर

त्यांना जुनाच हिशेब, जोडणीपासून वीस वर्षं.

औरंगपुऱ्याचा_बंड्या

म्हणजे तुम्ही 'थांबू नका' असं सांगताय!

बे_एरियातला_पुणेकर

तुमच्याकडे जुन्यांना जपतीलच असं कुणी लिहून दिलंय का?

वाळवणवाली

मास्तरांच्या घरातल्यांचा प्रश्न सगळ्यांनी शिताफीने टाळला. आमच्याकडे पॅनेल कमरेएवढ्या उंचीवर आली आणि गच्ची गेली. कुरडया, सांडगे, मिरच्या, सगळं आता शेजारणीच्या गच्चीवर, तिच्या सोयीने. सांगाडा डोक्याच्या वर घ्या, खाली चालता यायला हवं. त्याला जास्त लोखंड लागतं, वाऱ्याचा मार बसतो म्हणून पायही भक्कम लागतात. ते वरचे पैसे कोटेशनमध्ये लिहून घ्या.

आणि धूळ कोण पुसणार? आम्ही बोअरच्या पाण्याने धुतली तर काचेवर पांढरे डाग बसले. आता नळाचं पाणी, सकाळी ऊन चढायच्या आत. 68 व्या वर्षी शिडी चढणार असाल तर घरच्यांना आधी विचारा.

केबलगुंडाळ्या

एक राहिलं. वीजबिल कोणाच्या नावावर आहे ते बघा. निम्मे अर्ज माझ्याकडे इथेच अडकतात. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, बिल अजून त्यांच्याच नावाने येतं, आणि सबसिडी बिलावरच्या माणसाच्या खात्यात जायची असते.

साताऱ्याचा_मास्तर

बिल वडिलांच्या नावावर आहे. पकडलंत!

नाव बदलायचा अर्ज उद्या देतो. समोरचे कुलकर्णी आणि कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीच्या वर राहणारे गिरणीवाले, अशी दोन घरं एकेक किलोवॅटला तयार झालीत, तिसऱ्याचं मन वळवतोय. 'छोट्या घराला परवडत नाही' हे माझं वाक्य मी खोडतो, त्याजागी 'छोट्या घराला 3 किलोवॅट परवडत नाही' असं वाचावं. कोटेशनवाल्याला तसं फोनवर सांगितलं, तो अजून 'दोन तरी घ्या काका' म्हणतोय.

रविवारी माप घ्यायला माणूस येणार आहे. हिने वाळवणाची जागा कालच खडूने आखून ठेवली.