हूइजमध्ये 'असाइन्ड नॉन-पोर्टेबल' लिहिलंय, अपस्ट्रीम बदलला तर आयपी जाणार का?

सांगली_फायबर: नमस्कार मंडळी, आमचं तालुक्याच्या गावात छोटं ब्रॉडबँडचं नेटवर्क आहे. अपस्ट्रीमकडून, म्हणजे आम्हाला इंटरनेट देणाऱ्या मोठ्या कंपनीकडून, /२४ चा ब्लॉक घेतलाय, म्हणजे २५६ आयपी, आता दुसऱ्याकडे जायचं चाललंय. हूइजमध्ये, म्हणजे आयपी कुणाच्या नावावर आहे ते दाखवणाऱ्या नोंदीत, नाव आमच्या फर्मचं आहे पण स्टेटसला 'असाइन्ड नॉन-पोर्टेबल' दिसतं. पतसंस्था आणि कारखान्याच्या ऑफिसला स्टॅटिक आयपी दिलेत म्हणून टेन्शन आहे.

रूटिंगवाला: दादा, नाव कुणाचं यावर जाऊ नका, स्टेटस बघा. पोर्टेबल म्हणजे ब्लॉक थेट एपनिककडून (आशिया-पॅसिफिकमध्ये आयपी वाटणारी संस्था) किंवा आपल्याकडे आयआरआयएनएनकडून (भारतातली तशीच संस्था) मिळालेला, प्रोव्हायडर बदलला तरी तुमच्यासोबत येतो. नॉन-पोर्टेबल म्हणजे अपस्ट्रीमच्या मोठ्या ब्लॉकमधला तुकडा, कनेक्शन सोडलं की परत करायचा. शिवाय आरओए, म्हणजे तो ब्लॉक कुठल्या नेटवर्कने जाहीर करायचा याची सही केलेली नोंद, बनवणं पण त्यांच्याच हातात, त्यामुळे तुम्ही तो /२४ दुसरीकडून अनाउन्स करायला (जाहीर करायला) गेलात तर इनव्हॅलिड ठरून बऱ्याच ठिकाणी ड्रॉप होऊ शकतो.

नॉक_पुणे: बरोबर, पण पहिला शब्द पण तेवढाच महत्त्वाचा आहे आणि त्याकडे कुणी बघतच नाही. 'अलोकेटेड' म्हणजे पुढे गिऱ्हाइकांना वाटायला दिलेला, 'असाइन्ड' म्हणजे फक्त स्वतःच्या नेटवर्कमध्ये वापरायला. तुम्ही पुढे गिऱ्हाइकांना देताय, मग तुमची एंट्री खरं तर 'अलोकेटेड नॉन-पोर्टेबल' हवी होती, अपस्ट्रीमला विचारा. आणि यूट्यूबवर पीए (प्रोव्हायडरच्या ब्लॉकमधला), पीआय (प्रोव्हायडरपासून स्वतंत्र) असं ऐकाल ती युरोपची, म्हणजे तिथल्या राइप या संस्थेची भाषा, अर्थ जवळपास तोच पण आपल्या फॉर्मवर ते शब्द शोधत बसू नका.

सांगली_फायबर: म्हणजे स्वतःचेच घ्यायला पाहिजेत. पण आयपीव्ही४ (हे जुन्या पद्धतीचे आयपी) संपले म्हणतात ना?

रूटिंगवाला: जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला, एपनिक त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्याकडच्या शेवटच्या मोठ्या ब्लॉकवर (/८) आलं. तेव्हापासून त्यातनं एका मेंबरला जास्तीत जास्त /२२, म्हणजे १०२४ आयपी मिळायचे, २०१९ पासून /२३, म्हणजे ५१२. तुमची गरज त्यात भागते, बाकीच्यांना सीजी-नॅट लावा (एकच आयपी अनेक गिऱ्हाइकांत वाटून वापरणं). सोबत आयपीव्ही६ चा, म्हणजे नवीन पद्धतीच्या आयपींचा, /३२ मागाच, तो मागितला नाही तर मी म्हणेन अर्ज अर्धाच केला. एएस नंबर, म्हणजे इंटरनेटवर तुमच्या नेटवर्कचा ओळख क्रमांक, पण घ्या.

नॉक_पुणे: आणि नवीन ब्लॉक हातात येऊन चालू होईपर्यंत जुना करार तोडू नका, प्लीज. निदान काही आठवडे दोन्ही लिंक चालू ठेवा. पतसंस्थेला तर आधीच कळवा, कारण त्यांचा आयपी बँकेच्या फायरवॉलमध्ये व्हाइटलिस्ट केलेला असेल तर तो बदलून घ्यायला त्यांना पत्रव्यवहार करावा लागतो आणि त्यात वेळ जातो.