शाळेत परसबाग सक्तीची करा, आणि शोभेची नको, भाजीची

डिचोलीकर
पाच जूनचा पर्यावरण दिन आला की आपल्याकडे गोव्यात प्रत्येक शाळेत तेच, एक रोप, भोवती गणवेशातली मुलं, मध्ये पाहुणे, समोर मोबाईल. चवथीपर्यंत, म्हणजे गणपतीपर्यंत, त्या रोपाचं काय झालं ते कुणी विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच की प्रत्येक शाळेत भाजीची परसबाग पाहिजे आणि पाचवी ते आठवीला टाइमटेबलमध्ये तिचे आठवड्याला दोन पिरियड पाहिजेत. पर्यावरणाचे खटले लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्येच पर्यावरण हा विषय सक्तीचा करा म्हणून सांगितलं, आणि आपण शिकवतो काय तर 'प्रदूषणाचे प्रकार लिहा'. वर्गात कंपोस्टची व्याख्या पाठ चाललीय आणि खिडकीबाहेर शिपाई आंब्याची सुकी पानं पेटवतोय, तो धूर वर्गात येतोय, हे मी स्वतः पाहिलंय. त्या पानांचा कोपऱ्यात ढीग केला, वर शेण नि माती टाकली तर पुढच्या हंगामाला खत तयार. पाचवीतल्या पोराला हे कळायला पुस्तक कशाला लागतं?

मडगावची आई
कल्पना छान पण मार्क ठेवू नका हां प्लीज. मार्क आले की प्रोजेक्ट आईबापच करणार, आदल्या दिवशी नर्सरीतून टॉमेटो लागलेली कुंडी आणणार आणि वर पोराच्या नावाची चिठ्ठी चिकटवणार. आमच्या कॉलनीत विज्ञान प्रदर्शनाचं हेच झालंय. शिवाय आमच्या शाळेचं अख्खं अंगण पेव्हर घालून बंद केलंय, बाग करायची कुठे, गच्चीवर?

पेडण्याचे मास्तर
बोलणं सोपं असतं बाब. आमच्या सरकारी प्रायमरीत कित्येक ठिकाणी एकच शिक्षक आणि चारही वर्ग एका खोलीत. त्यात इलेक्शनचं काम, नाना फॉर्म, ऑनलाइन हजेरी. आता बाग पण! आणि खरा प्रश्न कुणी विचारतच नाही, मे महिन्यात पाणी कोण घालणार? शाळा बंद, विहीर तळाला, कंपाउंड एका बाजूने पडलेलं, गावातली उनाड गुरं आत येऊन एका रात्रीत सगळं साफ करतात. मुलांनी लावलेलं जूनमध्ये येऊन बघतात तर सुकलेल्या काटक्या, त्यातून मुलं काय शिकणार सांगा.

डिचोलीकर
@मास्तर, तुम्ही रागावू नका, पण मे महिन्यात बाग पाहिजेच कशाला? आपला शेतकरी तरी मे महिन्यात भेंडी लावतो का. गोव्यातल्या भाजीचे हंगाम दोन. पहिला पाऊस पडला की भेंडी, तवशी (काकडी), दोडकी, पडवळ, चिबूड, हे सगळं पावसावरच येतं, फक्त वाफा उंच पाहिजे नाहीतर मुळं कुजतात. भेंडी साधारण दीड-दोन महिन्यांत तोडणीला येते, म्हणजे चवथीच्या आधी मुलांच्या हातात. दुसरा हंगाम पाऊस ओसरल्यावर, तांबडी भाजी, मुळा, वांगी, मिरची, आणि तांबडी भाजी तर महिन्याभरात उपटायला तयार. परीक्षेपर्यंत सगळं आटपतं. मग उन्हाळ्यात वाफ्यावर माडाची चुडतं (झावळ्या) नि पाला घालून जमीन झाकून ठेवायची, झालं. आपण बाग म्हटलं की गुलाब, लॉन आणि बारमाही पाइप डोळ्यासमोर आणतो तिथेच गडबड आहे.

काणकोणचा
+१. आमच्या खोला गावची मिरची तर डोंगराच्या उतारावर निव्वळ पावसाच्या पाण्यावरच होते, जीआय टॅग (त्या गावचीच म्हणून सरकारी नोंद) मिळालेली मिरची आहे ती आणि आमच्याच तालुक्यातल्या मुलांना ती बाजारातच दिसते. बी गावातल्या बायकांकडून घ्या, पाकिटातलं हायब्रिड नको, नाहीतर पुढच्या वर्षी परत विकत.

ताळगावकर
मी विरोधात आहे, आणि कारण वेगळं आहे. परसबाग म्हणजे निसर्ग नव्हे. बागेत मूल काय शिकतं, तर आपण लावलेलं ते चांगलं, आपोआप उगवलं ते तण, आणि पान खाणारा किडा दुश्मन. पावसात त्या मोठ्या आफ्रिकन गोगलगायी निघाल्या की पोरं त्यांच्यावर मीठ ओततात आणि मोठी माणसं शाबास म्हणतात, वाफ्यात मीठ गेलं त्याचं कुणाला काही नाही. त्यापेक्षा मुलांना खाजनात, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतात, न्या ना! मानशीचं (बांधातल्या पाणी सोडायच्या वाटेचं) दार भरती-ओहोटीला कसं उघडतं मिटतं, बांध फुटला की खारं पाणी शेतात कसं शिरतं, आणि तरी कोरगुट भात तिथे कसा तग धरतो, हे एका सकाळीत दिसतं. नाहीतर ऑगस्टमध्ये सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, न्या, मातीचा जेमतेम पापुद्रा असलेल्या जांभ्यावर किडे खाणारी सीतेची आसवं फुललेली असतात. सस्टेनेबल का काय म्हणतात ते आपल्या पूर्वजांनी खाजनात करून ठेवलंय, ते बघायचं सोडून चार वाफे कसले.

मडगावची आई
खाजनात नेणार कोण, बस कोणाची, आणि भरतीच्या वेळी पोरगं घसरलं तर? आमच्या शाळेची वर्षाची एकमेव सहल वॉटर पार्कला जाते 😅

डिचोलीकर
@ताळगावकर, गोगलगायीचा मुद्दा एकदम मान्य, हाताने वेचायच्या, मीठ नाही, आणि हातात पिशवी घालून. पण खाजन वर्षातून एकदा दिसणार, बाग रोज. बी टाकून चार दिवस काहीच दिसत नाही, पाचव्या दिवशी माती थोडी उचललेली दिसते आणि खालून वाकडी पांढरी मान, पोरं त्या वाफ्याभोवती उकिडवी बसून राहतात, बेल झाली तरी उठत नाहीत. हे सहलीत कुठून आणणार?

महिला मंडळवाली
एक गोष्ट सगळे विसरताय. केंद्राच्या योजनेत शाळेतल्या बागेची भाजी माध्यान्ह आहारात घाला असं आहे. पण गोव्यात बहुतेक शाळांत स्वयंपाकघर आहे कुठे? आमच्यासारख्या बचत गटांच्या बायका बाहेर शिजवतात आणि डबे पोचवतात, त्यात पाव-भाजी. शाळेच्या वाफ्यातल्या दोन जुड्या तांबड्या भाजीत एवढ्या पोरांची भाजी होत नाही, आणि आमचा मेनू वरून ठरतो. मुलांना घरी वाटून न्यायला द्या, नाहीतर शनिवारी शाळेतच चिरून, खोबरं घालून करा. मी येईन शिकवायला, पैसे नकोत. आणि चवथीला माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगतो त्या फळाफुलांच्या चौकटीला, बांधायची तवशी शाळेच्या वेलीची असली तर घरात पोराचा मान काय वाढेल!

ताळगावकर
माटोळीचंच बघा की ताई, तुम्ही माझाच मुद्दा सांगितलात. तवशी वाफ्यात होईल, पण तिला बांधायची कांगलांची फळं रानातलीच. ती ओळखणारी म्हातारी माणसं गावात आहेत तोवर मुलांना त्यांच्याबरोबर रानात पाठवा, त्याला ना पिरियड लागतो ना फंड.

पेडण्याचे मास्तर
दोन हंगामांचं गणित मला पटतंय, मे महिन्याचा प्रश्न त्यात सुटतो. पण सक्तीला माझा विरोध कायम. सक्ती आली की रजिस्टर येतं, जिओ-टॅग फोटो येतो, आणि मग आम्ही वांगी नाही, फोटोच पिकवणार. ज्यांना हौस आहे त्यांना करू द्या, आणि सरकारने करायचंच असेल तर आधी ते पडलेलं कंपाउंड बांधून द्यावं. बचत गटवाल्या ताई, पेडण्याच्या बाजूला असाल तर शनिवारी या खरंच.