१:३५ मधलं पडकं विटांचं घर: भिंतीची कड आणि राडारोडा जमत नाहीये

माणगावकर३५:
नमस्कार मंडळी. मी रायगडमधला, माणगाव तालुक्यातला. नाईक (हा लष्करातला हुद्दा) यशवंत घाडगे आमच्याच तालुक्याचे. माणगावातला त्यांचा पुतळा लहानपणापासून बघत आलोय. १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, सेक्शनमधले, म्हणजे त्यांच्या छोट्या तुकडीतले, बाकी सगळे जवान ठार किंवा जखमी झाल्यावर ते एकटे मशिनगनच्या ठाण्यावर धावून गेले, ठाणं मोडून काढलं आणि तिथेच स्नायपरच्या गोळीने त्यांचा अंत झाला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेव्हा ते ३/५ मराठा लाइट इन्फन्ट्रीत, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते.

त्या लढाईवर १:३५ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाच्या मापात, डायोरामा (छोट्या मॉडेलांचा देखावा) करतोय. जवान रंगवून झाले, मनासारखे झाले. मागचं पडकं घर मात्र दोनदा करून मोडलं. प्लॅस्टर ऑफ पॅरिसची फळी ओतली, दाभणाने विटा कोरल्या आणि वरची बाजू पक्कडीने तोडली. कड खोटी दिसते. पायथ्याशी लाल खडी टाकली, ती खडीच वाटते, पडलेली भिंत वाटत नाही. त्यात या जुलैत ओतलेली फळी नखाने खरवडली तरी भुगा होते, आणि तळाच्या मातीवर आठ दिवसांत पांढरी बुरशी आली. फोटो जोडलेत. घाडग्यांच्या नावाने काहीतरी ओबडधोबड करून ठेवायची माझी इच्छा नाही. कृपया मोकळेपणाने सांगा.

खाडीकाठचा गवंडी:
फोटो नीट पाहिले. तू माझ्या मुलाच्या वयाचा असशील म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

चिपळूणला बत्तीस वर्षं गवंडीकाम करतोय, आणि रात्री जेवणानंतर हेच तुझंवालं काम. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर एक जुनं घर उतरवायला घेतलं होतं. जोतं जांभ्याचं, वरची भिंत चुन्यातल्या विटांची, अर्धी बसलेली. त्या भिंतीची कड मी आजही डोळे मिटून काढून दाखवीन. पायऱ्या-पायऱ्यांची होती. एक वीट पुढे आलेली, तिच्यावरची अर्ध्या विटेने मागे, मध्येच दोन थरांची उभी सरळ चीर. वीट हाताने हलवली की अख्खी निघायची आणि खाली चुन्याचा थर तसाच राहायचा, वर विटेच्या खरखरीत पाठीचा ठसा उठलेला. काही ठिकाणी वीट गेलेली आणि तिचा चुना दातासारखा बाहेर आलेला.

चुन्यातली भिंत सांध्यातून सुटते. सिमेंटातली पडते तेव्हा चार-पाच विटांची ढेकळं चिकटलेलीच खाली येतात आणि वीट मधूनच फुटते. इटलीतली तेव्हाची जुनी शेतघरं चुन्यातली. म्हणजे तुझ्याकडे सुट्या अख्ख्या विटा जास्त हव्यात, आणि अद्धे-तुकडे मुख्यतः गोळा लागला त्या जागी. पक्कडीने फळी तोडलीस तेव्हा चीर विटा आणि सांधे न बघता आरपार गेली. खोटेपणा तिथून आला.

असं कर. इटालियन वीट साधारण २५ × १२ × ५.५ सेंटिमीटर. पस्तिसाने भागलं की ७.१ × ३.४ × १.६ मिलिमीटर. एक सेंटिमीटरचा सांधा धरून एक थर १.९ मिलिमीटरचा. काचेवर १.६ मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या ठेवून मध्ये प्लॅस्टर ओत, पट्टीने सपाट कर, अर्धवट घट्ट झालं की ब्लेडने विटा काप. एका बैठकीत पाचशे होतात. आता भिंतीचा मधला भाग कोरीवच ठेव, पण तुटक्या कडेपासून दोन सेंटिमीटरचा पट्टा सुट्या विटांनी बांध. खरोखर बांध, थरावर थर, सांधे मोडून. २५ सेंटिमीटरची भिंत म्हणजे तुझ्याकडे ७ मिलिमीटर. त्या जाडीत काही विटा लांबीने आणि काही भिंतीत आडव्या जातात, आणि कडेला हे आतलं बांधकामच दिसतं. तुझ्या फोटोत कडेची जाडी कोरी पांढरी आहे, नजर आधी तिकडेच जाते.

राडारोडा तर भिंतीतूनच येतो, दुसरीकडून येत नाही. दीड मीटर लांब-रुंद भगदाड धर. सवादोन चौरस मीटर, २५ सेंटिमीटर जाड. हिशेबाने २६५ च्या आसपास विटा गेल्या. त्या कुठे आहेत? तुझ्या तळावर मी मोजले, चाळीसही तुकडे नाहीत. वरचा मजला आणि छप्पर पडलेलं दाखवलंस, मग वासे, रिपा, कौलं, गिलाव्याचे पोपडे, चौकटीचं लाकूड हे सगळंही खाली हवं. गोळा आत जाऊन फुटला असेल तर भिंत बाहेर ढकलली जाते, म्हणून दोन्ही बाजूंना ढीग लागतो. चिपळूणच्या त्या घरात ढीग उपसताना वरच्या दोन घमेल्यांत विटा दिसल्या, खाली निव्वळ चुना, माती आणि गिलाव्याचा गाळ. तेव्हा आधी प्लॅस्टरच्या चुऱ्याचा ढीग कर, भिंतीकडे उंच आणि बाहेर उतरता. विटा त्याच्यावर आणि अर्ध्या त्याच्यात रुतव. म्हणजे सगळ्या २६५ कापाव्या लागणार नाहीत.

रंग: लाल कमी कर. पडझडीनंतर सगळ्यावर धूळ बसते ती चुन्याची, म्हणजे राखाडी-पांढरट. ताज्या फुटलेल्या विटेचा पोटातला रंग तेवढा झळझळीत. मी जांभ्याची भुकटी मलमलच्या फडक्यातून गाळून, तिप्पट प्लॅस्टरच्या भुकटीत मिसळून कुंचल्याने झटकतो. नुसती जांभ्याची घातलीस तर इटलीचं घर कोकणात येईल.

पेणची माती:
गवंडीकाकांनी भिंतीचं सांगितलं, मी प्लॅस्टरचं सांगते. आमच्या घरी गणपतीचा कारखाना आहे, लहानपणापासून हात याच कामात.

तुमची फळी भुगा होतेय, कारण बहुतेक पोतं आधीच फोडलेलं होतं. प्लॅस्टर वाळल्याने घट्ट होत नाही, ते पाणी धरून घट्ट होतं. कोकणातल्या पावसाळी हवेत उघडं राहिलं की हवेतला ओलावा आधीच धरून बसतं, मग तुमच्या पाण्याला त्याच्यात जोर उरत नाही. वाटीभर कालवून बघा. अर्ध्या तासातही बोट रुतत असेल तर ते टाकून द्या. नवं आणलं की लगेच झाकणाच्या डब्यात भरा. कालवताना भांड्यात आधी पाणी घ्या, मग पीठ वरून चाळल्यासारखं सोडा, जरा मुरू द्या आणि हळू ढवळा. जोरात फेटलं की बुडबुडे येतात, आणि १.६ मिलिमीटरच्या विटेत एक बुडबुडा म्हणजे वीट गेली.

घट्ट झालं तरी आत पाणी असतं. जुलैत ते आठवडाभर निघत नाही. आम्ही मूर्तींना हॅलोजन लावतो, तुम्ही पुठ्ठ्याच्या खोक्यात साधा बल्ब लावा, खोक्याला भोकं ठेवा, आणि बल्ब पुठ्ठ्यापासून लांब. बुरशी मातीतून आली. माती लोखंडी तव्यावर चांगली भाजून घ्या, मगच फेविकॉलमध्ये घाला. आणि ओल्यावर प्लास्टिकचा कागद झाकू नका, फोटोत तो दिसतोय.

ओळंबा:
घराबद्दल एक. टायबरच्या वरच्या खोऱ्यातली शेतघरं दगड आणि वीट अशी मिश्र असतात. भिंतीत दगड, कोपरे आणि खिडक्यांच्या कमानी बऱ्याचदा विटांच्या. सगळं विटांचंच घर हवं असेल तर सेनिओ नदीकाठचं घ्या. तो सपाट मैदानी भाग, दगड नाही, म्हणून विटा. तिथे ९ एप्रिल १९४५ ला १/५ मराठाचे शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. पण तुम्हाला घाडगेच करायचे आहेत हे कळतंय, तेव्हा भिंत मिश्र करा.

छपरासाठी मंगलोरी कौलं अजिबात नकोत. तिकडे अर्धगोल कौलं, एक उताणं एक पालथं, थेट आपल्या जुन्या नळीच्या कौलांसारखी. कागदाला पातळ फेविकॉल लावून विणायच्या सुईवर गुंडाळा, वाळलं की उभं चिरा. १:३५ ला साधारण १३ मिलिमीटर लांब, एक तोंड जरा अरुंद.

माणगावकर३५:
सगळ्यांचे मनापासून आभार. प्लॅस्टरचं पोतं मे महिन्यापासून उघडं होतं, पेणच्या ताईंनी अचूक पकडलं. वाटीत कालवून बघितलं, पाऊण तासाने बोट रुतलं. नवं आणलंय.

आमच्या आजोळच्या गोठ्यावर अजून नळीची कौलं आहेत. काल एक उतरवून मापं घेतली, आणि पालथं कौल दोन उताण्यांच्या कडांवर कसं बसतं तेही फोटोत घेतलं. गवंडीकाका, भिंत मिश्र केली तर दगडाच्या भागातली कडही अशीच पायरीची येईल का? तिथे थर सरळ नसतात म्हणून विचारतोय.

खाडीकाठचा गवंडी:
नाही येणार. अनगड दगडाची भिंत फुगते आणि पोटातून ढासळते, मागे खळगा राहतो. खळग्यात चिपा आणि चुना दाखव. विटांचा कोपरा मात्र उभा राहू शकतो, एकटाच, दगड त्याच्या बाजूने निघून गेलेले. तोच कोपरा जवानांच्या मागे घे.