जहाजावरचं बुजगावणं

चाचेगिरी हा मुंबई-कोकणवाल्यांचा विषय, विदर्भात त्याचं काय, असं काही जण म्हणतात. पटलं नाही. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या खेड्यातला माझा भाचा मालवाहू जहाजावर आहे. येमेन-सोमालियामधल्या एडनच्या आखाताकडे जाताना चाचे चढू नयेत म्हणून कठड्याला काटेरी तार गुंडाळतात, डेकवर पहारेकरी वाटावीत अशी बॉयलरसूट घातलेली बुजगावणी उभी करतात, हे त्यानं फोनवर सांगितलं तेव्हा ताई तुरीच्या शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले.

चाच्यांचा विषय निघाला की सगळे नौदलाबद्दल लिहितात, पण जहाजावरचं सिटाडेल राहून जातं. म्हणजे आतून बंद होणारी मजबूत खोली. जानेवारी २०२४ मध्ये चाचे चढले तेव्हा 'लीला नॉरफोक' या मालवाहू जहाजावरचे २१ जण, त्यात १५ भारतीय, तिथंच लपले होते. भारतीय नौदलाच्या आयएनएस चेन्नई या युद्धनौकेवरचे मार्कोस कमांडो जहाजावर उतरले आणि सगळे सुखरूप सुटले. मात्र आत सगळेच हवेत. एक जरी चाच्यांच्या हाती लागला, तर कमांडोंचे हात बांधले जातात.