टेन्स मशीनचं सेटिंग: बाबांच्या कंबरेला काहीच फरक पडत नाही, मदत हवी

मुठाकाठ
नमस्कार. जरा लवकर उत्तर मिळालं तर बरं होईल. परवा सकाळी मी पुण्याला परत जातेय, त्याआधी बाबांना मशीन नीट लावून द्यायचंय.

बाबांची कंबर वर्षानुवर्षं दुखते. दवाखान्यात करंटचा शेक घेतला तेव्हा दहा दिवसांत एवढा आराम पडला की रात्री सलग झोपायला लागले. रोज रिक्षाने जाणं-येणं परवडेना, म्हणून घरी टेन्स मशीन घेतलं (कातडीवर पॅड चिकटवून हलका करंट देणारं, दुखणं कमी करायचं छोटं यंत्र). पंधरा दिवस झाले, शून्य फरक. आधी म्हणतात काही जाणवतच नाही, आणि करंट वाढवत नेला की एकदम चटका बसल्यासारखे ओरडतात. मशीनवर रेट आणि विड्थ अशी दोन फिरवायची बटणं आहेत आणि मोडला बी, एन, एम. नेमके आकडे सांगा, कुठे ठेवू?

भरउन्हात
रेट १००, विड्थ मधोमध, मोड एन, अर्धा तास. माझ्या खांद्याला हेच चाललं. दोन वर्षं झाली, गोळी घ्यावी लागलेली नाही.

वडाची_पारंबी
मशीन बाजूला ठेवा, कटिबस्ती करा. कंबरेवर उडदाच्या पिठाचं आळं करून त्यात कोमट तेल धरायचं. माझ्या सासूबाई वाकून केर काढायला लागल्या परत. तेल आत मुरल्याशिवाय वात जात नाही.

सांधेजोड
मी फिजिओथेरपिस्ट आहे. माहिती नसताना आकडे देणं बरोबर नाही. आधी सांगा: वय किती? पेसमेकर आहे का? मधुमेह? दुखणं कंबरेतच थांबतं की पायात उतरतं? पॅड कुठे लावता?

मुठाकाठ
पेसमेकर नाही. वय ६७. एसटीत चालक होते, ३१ वर्षं, बहुतेक घाटातल्या गाड्या. पॅड दुखतं तिथेच लावतो, दोन कंबरेला, दोन डाव्या पोटरीला. सेटिंग सांगा ना प्लीज, बाबा समोरच बसलेत.

आगार_क्रमांक_४
माझे वडीलही एसटीतच होते, वाहक. जुन्या गाड्यांची चालकाची सीट म्हणजे लोखंडी पत्र्यावर रेक्झिन, खालून इंजिनाचा हादरा. तुमच्या बाबांना नमस्कार सांगा. कोणत्या आगारात होते?

सांधेजोड
म्हणजे पायात उतरतं. हे पहिल्या पोस्टमध्येच यायला हवं होतं. पायातली ताकद कमी होतेय का, चप्पल सुटते का, लघवी-शौचाला जाताना काही बदल जाणवतो का, हे आत्ता विचारा. एकाचंही उत्तर हो आलं तर मशीन बंद आणि थेट हॉस्पिटल. मधुमेहाचं उत्तर राहिलंय.

तोवर बटणांचं सांगते. रेट म्हणजे सेकंदाला किती ठोके. विड्थ म्हणजे प्रत्येक ठोका किती मायक्रोसेकंद टिकतो. साधारण दोन तऱ्हा आहेत. पहिली: रेट ८० ते १२०, विड्थ १०० च्या आसपास, करंट एवढाच की चांगल्या जोरकस मुंग्या येतील पण स्नायू उडणार नाही. दुसरी: रेट २ ते ४, विड्थ २०० किंवा वर, करंट इतका की स्नायू टकटक उडताना दिसेल. हिला बरेच जण कंटाळतात, २०-३० मिनिटं पुरे. नवख्याने पहिलीपासून सुरुवात करावी. मोड एन म्हणजे एकसारखा प्रवाह, बी म्हणजे ठोक्यांचे झुबके, एम म्हणजे प्रवाह आपोआप कमी-जास्त होत राहतो. एकाच तालाची शरीराला सवय होते, म्हणून काही दिवसांनी एम वापरून बघतात.

शेवाळ
एवढा खटाटोप कशासाठी? उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ मध्येच कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नका असं सांगितलंय. २०२२ मध्ये सांध्यांच्या झिजेसाठीही तेच, पुरेसा पुरावा नाही म्हणून.

भरउन्हात
मग माझा खांदा काय खोटं बोलतोय?

शेवाळ
तुमच्या खांद्याबद्दल मी बोललोच नाही. दुखणं आपोआपही कमी-जास्त होत असतं. ज्या आठवड्यात कमी होतं त्या आठवड्यात जे वापरत असतो त्याला आपण श्रेय देतो.

सांधेजोड
शेवाळ, नाइसचं म्हणणं खरं आहे आणि ते मी पेशंटलाही सांगते. टेन्सने मणका दुरुस्त होत नाही. पण मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये जे मांडलं, की स्पर्श वाहून नेणाऱ्या जाड नसा चेतवल्या की मणक्याच्या पातळीवर वेदनेचा निरोप अडतो, त्याचा अनुभव काहींना मशीन चालू असेपर्यंत नक्की येतो. एवढ्या वेळात माणूस चार पावलं चालला, व्यायाम केला, तर ते वाया नाही. म्हणून मी सांगते, मशीन लावून आडवे पडू नका, हिंडा.

तळ्याकाठचा_बगळा
विजेने दुखणं घालवायची कल्पना फार जुनी आहे. पहिल्या शतकात स्क्रिबोनिअस लार्गस नावाच्या रोमन वैद्याने डोकेदुखीवर आणि गाऊटवर जिवंत टॉर्पीडो मासा लावायला सांगितलंय. तो मासा अंगातून विजेचा झटका देतो.

परदेशी_पाखरू
माझ्या मावसभावाला इकडे अमेरिकेत मणक्यात स्टिम्युलेटर (दुखणं दाबायला विजेचे ठोके देणारं यंत्र) बसवलाय, सेकंदाला १०,००० ठोक्यांचा, मुंग्यासुद्धा येत नाहीत. मणक्यात असं यंत्र बसवणं १९६७ पासून चालू आहे, एवढ्या वेगाचं मात्र अलीकडचं. बाबांसाठी मुंबईत चौकशी करा.

मुठाकाठ
अहो, ऑपरेशनचं कोणी विचारलंय? ताई, पायाची ताकद ठीक आहे, बाकी त्रासही नाही. शुगर आहे, बारा वर्षं झाली, गोळ्या चालू आहेत. रेट १००, विड्थ १००, मोड एन केलं. तेच! करंटचं बटण सहावर नेईपर्यंत काही नाही आणि मग एका कोपऱ्यात टोचतं. दवाखान्यात असं होत नव्हतं.

सांधेजोड
दवाखान्यात पॅड किती होते? कसे लावायचे?

मुठाकाठ
चार. काळे रबरी, जेल लावून, आडवेतिडवे, वर वाळूची पिशवी ठेवायचे.

सांधेजोड
ते टेन्स नव्हतं, आयएफटी म्हणजे इंटरफेरेन्शियल थेरपी होती. त्यात साधारण ४००० आणि ४१०० हर्ट्झचे दोन प्रवाह आत एकमेकांना छेदतात आणि तिथे १०० ची लय तयार होते. एवढ्या वेगाच्या प्रवाहाला कातडीचा अडथळा कमी होतो. त्यामुळे घरच्या मशीनवर अगदी तशीच जाणीव शोधू नका. पण सहापर्यंत काहीच नाही, हे पटत नाही. बॅटरी नवी आहे? पॅड लावण्याआधी तिथे काय करता? दवाखान्यात काय करायचे?

मुठाकाठ
बॅटरी कालच बदलली. दवाखान्यात स्पिरिटने पुसायचे. घरी आई आधी तिळाचं तेल चोळते, स्नायू मोकळे व्हावेत म्हणून.

सांधेजोड
सापडलं. तेलातून वीज जात नाही. पॅडचा जेवढा कोपरा कातडीला नीट टेकतो तेवढ्यातूनच सगळा करंट घुसतो, म्हणून तो चटका. साबणाने धुवा, पूर्ण कोरडं करा. हे पॅड तेलाने वाया गेले असणार, नवे लावा.

पोटरीचे पॅड मात्र आजच काढा. बारा वर्षांची शुगर म्हणजे पायाची संवेदना तपासल्याशिवाय तिथे करंट नको. बधिर कातडीला जास्त झालेलं कळत नाही. डोळे मिटायला लावून कापसाने पावलं आणि पोटरी स्पर्शून बघा.

वडाची_पारंबी
तेलाला दोष देऊ नका.

सांधेजोड
तेलाला नाही, वेळेला. मशीन झाल्यावर खुशाल लावा.

मुठाकाठ
आत्ताच केलं. मशीनसोबत पॅडची एक जादा जोडी आली होती, ती कंबरेला मणक्याच्या दोन बाजूंना लावली. बटण दोनवर आल्या आल्या बाबा म्हणाले, 'आलं गं, आलं!' टोचणं अजिबात नाही. पाऊण तासात अंगणात दोन फेऱ्या मारल्या. दुखणं गेलं नाही म्हणतात, पण बसून उठताना जी कळ यायची ती बरीच कमी होती.

कापसाचं मात्र वाईट वाटलं. डाव्या पावलाला तीनदा लावला, तीनदाही 'लाव ना' म्हणाले. इतके दिवस आम्ही तिथे करंट वाढवत होतो. उद्या सकाळी शुगरच्या डॉक्टरांकडे नेतेय, पुण्याचं तिकीट एक दिवस पुढे ढकललं.

रेट आणि विड्थच्या बटणांवर नेलपॉलिशने खुणा केल्यात, म्हणजे आईला आकडे वाचायला नकोत. आई विचारतेय, तेल लगेच लावायचं की थोडं थांबून?

सांधेजोड
पॅड काढून कातडी जरा नॉर्मल होऊ द्या, लाली गेली की लावा. आणि सकाळी मशीन लावण्याआधी पुन्हा साबणाने धुवायचं, हे आईंना दोनदा सांगा.

आगार_क्रमांक_४
आगार कोणतं ते राहिलंच.

मुठाकाठ
महाड. बाबांनी तुमच्या वडिलांनाही नमस्कार सांगितलाय.