सुभेदार : होळकरांचा आणि पलटणीतला

प्रश्न : मुलीच्या इतिहासाच्या पुस्तकात 'सुभेदार मल्हारराव होळकर' असं वाचलं. आमच्या गावात पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार आहेत, शिपाई म्हणून भरती होऊन टप्प्याटप्प्यानं वर चढलेले. ज्यांच्या नावानं माळवा-राजपुतान्यात खंडणी मोजली जायची, त्या मल्हाररावांना एवढीच पदवी? की तेव्हा या शब्दाचा अर्थ निराळा होता?

उत्तर : निराळाच होता. सुभा म्हणजे प्रांत. अकबरानं 1580 मध्ये राज्याचे बारा सुभे पाडले, त्यात माळवा एक. त्यावर नेमलेला तो सुभेदार. फौज त्याच्या हाताखाली, प्रांताचा बंदोबस्तही त्याच्याकडे. वसुलाचा हिशेब मात्र दिवाणाच्या दप्तरात. 'कल्याणच्या सुभेदाराची सून' ही गोष्ट आपण सगळेच ऐकून आहोत. ती घडली की नाही हा वाद बाजूला ठेवा, पण तिथला सुभेदार हा असा प्रांताचा अंमलदारच.

मल्हाररावांचं आयुष्यही याच दोन बाजूंचं. जन्म 1693चा, नीरेकाठच्या होळ गावचा. वडील लवकर गेले, म्हणून मामाकडे खानदेशात तळोद्याला वाढले. आधी कदमबांडे सरदारांकडे स्वार, मग बाजीरावांच्या फौजेत. 1728 मध्ये अमझेऱ्याला माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर पडला आणि पुढच्या दोन-चार वर्षांत माळव्यातले परगणे होळकर, शिंदे, पवार यांच्यात वाटले गेले. घोड्यावरच्या माणसाच्या गळ्यात आता परगण्यांचा अंमल आला. कमाविसदार म्हणजे परगण्याचा वसूल करणारे अंमलदार नेमायचे, वसूल आणायचा, त्यातून फौज पोसायची, पुण्याला हिशेब द्यायचा. ही लिखापढी गंगोबातात्या चंद्रचूडांसारखे दिवाण बघत. गंगोबातात्यांचं राजकारण वेगळंच प्रकरण आहे, त्यात इथे शिरत नाही.

आणखी एक उत्तर : वरचं बरोबर, पण एक पाचर मारतो. बादशाही कागदावर माळव्याचा सुभेदार मल्हारराव नव्हते, आणि खुद्द पेशवेही नव्हते! 1738 मध्ये भोपाळजवळ कोंडी झाल्यावर निजामानं माळवा द्यायचं कबूल केलं. प्रत्यक्ष सनद आली 1741 मध्ये, बाजीराव वारल्यावर, नानासाहेबांच्या नावे. तीही नायबीची, म्हणजे सुभेदाराच्या दुय्यमाची. सुभेदार म्हणून नाव बादशहाच्या मुलाचं, शहाजादा अहमदचं, कारभार पेशव्यांचा. मुलूख तर गेलाच आहे, निदान अब्रू झाकावी, एवढाच त्यातला मतलब. गंमत म्हणजे पेशवे करार पाळतील याला जामीन राहिले त्यांचेच सरदार : राणोजी शिंदे, मल्हारराव होळकर, यशवंतराव पवार आणि पिलाजी जाधव. धन्यानं करार मोडला तर आम्ही त्याची चाकरी सोडू, असं त्यांनी लिहून दिलं.

म्हणजे कागदोपत्री धनी नायब, आणि मराठी पत्रांतून 'सुभेदार' म्हणून वावरतो तो त्यांचा सरदार. आजच्या पलटणीच्या हिशेबानं नानासाहेब पेशवे 'नायब सुभेदार' ठरतील! तेव्हा मल्हाररावांचं 'सुभेदार' हे बादशाही नेमणुकीवरून आलेलं नाही, ते मराठी वहिवाटीतलं आहे. महादजी शिंद्यांचं उलटं. 1784 मध्ये बादशहाकडून वकील-इ-मुतलक पद मिळवलं, त्याहून मोठं पद दिल्लीत नव्हतं, पण लोकांच्या तोंडी ते 'पाटीलबावा'च राहिले.

मूळ प्रश्नकर्ता : वा! मग हे पलटणीत कसं आलं?

उत्तर : कंपनी सरकारनं एतद्देशीय पलटणी उभ्या केल्या तेव्हा हुद्द्यांना नावं इथलीच उचलली : नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार. हवालदार शिवकाळात किल्ल्याचा मुख्य अधिकारी असे. त्याच्याही हातात तीन फिती आल्या. सुभेदार हा देशी अधिकाऱ्यांत वरचा, पण त्याच्या डोक्यावर कालचा पोरगेला गोरा. सुभा गेला, नुसतं 'दार' उरलं. स्वातंत्र्यानंतरही सुभेदार टिकला. जमादाराचा मात्र 1965 मध्ये 'नायब सुभेदार' झाला.

हे दोन्ही सुभेदार एकाच भागात भेटतात. 1818 मध्ये मंदसोरच्या तहानं होळकरांची स्वतंत्र सत्ता आटोपली आणि इंदूरजवळ महूची छावणी बसली. तिथल्याच लष्करी शाळेत सुभेदार रामजी सकपाळ शिकवत होते, आणि 1891 मध्ये बाबासाहेबांचा जन्म तिथला.

पुरवणी : होळकरांच्या घरात या शब्दाची एक फोडही झाली. मल्हारराव 1766 मध्ये आलमपूरला वारले, नातू मालेराव वर्षभरातच गेला. मग मोहिमांवर जायचं काम होळकरांचे सरदार तुकोजीरावांकडे आणि मुलुखाचा कारभार मल्हाररावांच्या सूनबाई अहिल्याबाईंकडे, महेश्वरात. पत्रांत 'सुभेदार' तुकोजीच. पण सुभा चालवायचं म्हणाल तर, फिर्यादी ऐकणं, कमाविसदारांना जाब विचारणं, हे सगळं बाईंच्या हातात. तुकोजींच्या खर्चाच्या मागण्यांवरून दोघांत किती धुसफूस चाले, ते त्या काळच्या पत्रव्यवहारात भरपूर आहे. माझ्या मते मल्हाररावांनंतरच्या खऱ्या सुभेदार त्याच, पदवी दिली नाही कुणी.

मूळ प्रश्नकर्ता : लिहिताना मग 'मल्हारराव सुभेदार पदावर होते' असं चालेल का?

उत्तर : मी टाळेन. वाचणारा लगेच खांद्यावरचे तारे मोजायला लागतो. 'सुभेदार मल्हारराव' असं नावाआधी लावा, ते रूढ आहे. 'माळव्याचे सुभेदार' लिहायचं तर 1741 ची नायबी एका वाक्यात सांगून टाका. आणि बडोद्याचे जुने कागद वाचत असाल तर जपून : गायकवाडीत जिल्ह्याच्या अधिकाऱ्यालाच 'सुभा' म्हणत, म्हणजे तिथे 'सुभे आले' हा प्रांत हलल्याचा चमत्कार नव्हे, साहेब फिरतीवर आलेत एवढंच.